लिंबूपाण्याचा हिशेब

शाळेतली मुलं तिला पाठीमागे ‘जुळलं-का-बाई’ म्हणत, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. फळ्यावर रासायनिक समीकरण लिहिलं की डावीकडचे अणू मोजायचे, उजवीकडचे मोजायचे, खडू खाली ठेवायचा आणि वर्गाकडे वळून विचारायचं, “जुळलं का?” डावीकडे जे होतं ते उजवीकडे सापडलंच पाहिजे. नाही सापडलं, तर ते गेलं कुठे? हवेत गेलं म्हणता? मग हवेचाही हिशेब द्या. या बाबतीत ती कुणाची गय करत नसे. मुलांची नाही, परीक्षकांची नाही आणि घरी नवऱ्याची तर नाहीच नाही. नवरा छापखान्यात कामाला होता. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका तपासून घरी यायचा आणि स्वतःच्या ऐकून घ्यायचा.

सासूबाईंशी मात्र तिचं असं गूळपीठ होतं की शेजारणी तोंडात बोटं घालत. त्यामागचं कारण सासूबाईंनी कुणाला फारसं सांगितलं नव्हतं. त्यांची स्वतःची सासू म्हणजे जहाल प्रकरण. पहिला घास तोंडात गेला की ताट पुढे सरकवायची, तेही चारचौघांत. भर पंगतीत हातातली वाटी खाली आपटून म्हणायची, “हिला कुणी शिकवलं गं?” त्या वेळी गिळलेले अपमान सासूबाईंच्या पोटात तसेच राहिले होते. म्हणून मुलाचं लग्न ठरलं त्या दिवशीच त्यांनी मनाशी गाठ मारली, की सुनेच्या हातच्या कशालाही आपण कधी नाव ठेवायचं नाही. आणि ते त्यांनी पाळलं. भात गिच्च झाला, “छान झालाय हो.” भाजी करपली, “मला अशीच खमंग आवडते.” बाई रसायनशास्त्रात हुशार असली तरी चुलीपुढे बेताचीच होती. पण इतकी वर्षं रोज कौतुक ऐकून आपल्या हाताला चव आहे, असं तिला अगदी मनापासून वाटायला लागलं होतं.

सासूबाईंच्या वाढदिवसाला तिने तांब्याचा एक सुरेख झाकणाचा जग आणला. त्यांना दिवसभर लिंबूपाणी लागायचं. सकाळी शाळेच्या घाईत लिंबं पिळत बसायला हिला वेळ नसे, म्हणून तिने युक्ती काढली. संध्याकाळीच लिंबं पिळून जग काठोकाठ भरून सासूबाईंच्या पलंगाशेजारी ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्यांनी हवं तेव्हा ओतून घ्यावं.

पहिल्या संध्याकाळी सासूबाईंनी जगाकडे पाहून भीतभीत विचारलं होतं, “सूनबाई, तांब्यात आंबट चालतं ना गं? कळकणार नाही ना?”

“आई, कळकायला ते काय पितळेतलं ताक आहे?” बाई हसली होती. तेवढ्यावर थांबली असती तर ती बाई कसली. तिने धातूंची सगळी श्रेणी बोटांवर मोजून दाखवली. “वर सोडियम वगैरे उड्या मारणारी मंडळी. मग मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड. मग येतो हायड्रोजन. आणि तांबं त्याच्याही खाली. खालचा धातू वरच्याला हुसकावून लावू शकत नाही. म्हणजे लिंबासारख्या सौम्य आम्लाला तांबं दादच देत नाही. बिनधास्त प्या.”

“तू सांगतेस म्हणजे झालं,” सासूबाई म्हणाल्या. शेजारणीला त्यांनी अभिमानाने सांगितलंसुद्धा, की आमच्याकडे आता सगळं शास्त्र बघून चालतं.

जगाचं आणखी एक कौतुक होतं. बाहेरून तो रोज काळवंडायचा, पण आतून कधी घासावाच लागत नसे. कायम लखलखीत. बाई झाकण उघडून ते नवऱ्याला दाखवायची.

काही दिवसांनी सासूबाईंना मळमळायला लागलं. आधी वाटलं पित्त असेल. मग उलट्या सुरू झाल्या, पोटात कळा येऊ लागल्या, अन्नावरची वासना उडाली. अंगावरचं मांस उतरून हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. गोळ्या झाल्या, पथ्य झालं, डॉक्टर बदलून झाले. शेवटी मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी आत दुर्बीण घालून बघायचं ठरवलं. पोटात काहीतरी असावं, असं त्या म्हणाल्या. ते ‘काहीतरी’ म्हणजे काय, हे घरात कुणी उच्चारलं नाही. सासूबाईंनी मात्र कपाटातल्या साड्या वेगवेगळ्या करून ठेवल्या, कुठली कुणाला द्यायची ते ठरवून.

अन्न टिकत नव्हतं तेव्हा बाई काय करायची? लिंबूपाणीच द्यायची. मीठ-साखर घालून, उशाशी बसून, घोट घोट. “आई, एवढं तरी पोटात जाऊ द्या. आता याच्यावरच भिस्त आहे.” आणि सासूबाई डोळे मिटून म्हणायच्या, “छान झालंय हो. ठेव तू, पिते मी.”

त्याच सुमारास पलंगाजवळच्या खिडकीतलं गुलाबाचं झाडही रोडावलं. गेलेल्या सासऱ्यांनी हाताने लावलेलं झाड ते. पानं पिवळी पडून गळायला लागली. बाईने कीड समजून औषध फवारलं, माती बदलली, पण काही फरक पडेना. म्हणतात ना, दुष्काळात तेरावा महिना.

त्या सोमवारी ती शाळेत गेली ती अशा मनःस्थितीत. दोनच दिवसांवर दुर्बिणीची तपासणी आली होती.

शुक्रवारी दहावीच्या वर्गाने प्रयोगशाळेत विजेचे घट तयार केले होते. बीकरमध्ये लिंबाचा रस, त्यात एक जस्ताची पट्टी, एक तांब्याची, दोन्हींना तारा, आणि तारांच्या टोकाला इवलासा दिवा. तो मिणमिणला की मुलं अशी ओरडायची, जणू सगळ्या गावाची वीज त्यांनीच आणली. तास संपताना बाईने नेहमीची सूचना दिली होती. “जस्ताच्या पट्ट्या बाहेर काढा, धुवा, पुसून ठेवा. जस्त झिजतं. तांबं राहिलं तरी चालेल, त्याला काही होत नाही.”

एका गटाने सूचना अगदी शब्दशः पाळली. जस्त काढलं, धुतलं, ठेवलं. तांब्याची पट्टी तशीच रसात सोडून बीकर खिडकीत ठेवून मंडळी घरी गेली. या गटाची म्होरकी होती ‘शंकेखोर’. ही मुलगी प्रश्न विचारायला उठली की मागच्या बाकांवर उसासे ऐकू यायचे.

“बाई,” सोमवारी दार उघडल्या उघडल्या शंकेखोर खिडकीपाशी धावली आणि तिथूनच ओरडली, “बाई, रस निळा झालाय!”

“मोरचुदाचा चमचा घातला असेल कुणीतरी. किती वेळा सांगितलंय, वापरलेला चमचा धुवून…”

“नाही हो बाई, शपथ. शुक्रवारी कुणी मोरचूद काढलंच नव्हतं. बघा तरी.”

बाईने बीकर उजेडात धरला. रस हिरवट-निळा दिसत होता. तांब्याच्या पट्टीचा बुडालेला भाग लखलखीत होता, नवा कोरा असावा तसा. पण जिथे रसाची पातळी संपत होती, तिथे पट्टीवर हिरव्या रंगाची एक कड धरली होती, आणि तिथलं तांबं कुरतडल्यासारखं खडबडीत झालं होतं.

“तांबं विरघळलंय ना, बाई?” शंकेखोर म्हणाली. “पण तुम्ही म्हणालात की…”

“शक्य नाही,” बाई म्हणाली. “काहीतरी मिसळलंय.”

आणि ते सिद्ध करायला ती ताठ मानेने कपाटाकडे गेली. थोडा रस परीक्षानळीत ओतला, त्यात अमोनियाचे थेंब सोडायला लागली. आधी काही झालं नाही, कारण पहिले थेंब आम्लच खाऊन टाकतं. ती सोडत राहिली. मुलं भोवती गोळा झाली. मग एका थेंबासरशी नळीतला रस गडद निळा झाला, शाईसारखा. असा निळा रंग अमोनियात तांब्यानेच येतो, आणि हे तिनेच शिकवलेलं होतं.

“पण हायड्रोजनला तर ते हुसकावू शकत नाही ना?” शंकेखोर अजून पट्टीकडेच बघत होती. “मग वरच्या कडेलाच का खाल्लंय? तिथे काय आहे?”

तिथे हवा होती.

बाईच्या मनात दोन धडे एकमेकांवर येऊन आदळले. एका धड्यात ती शिकवायची, की तांबं सौम्य आम्लाशी अभिक्रिया करत नाही. चार महिन्यांनी दुसऱ्या धड्यात शिकवायची, की हवेतल्या ऑक्सिजनने तांब्यावर थर चढतो, भांडी काळवंडतात, हिरवी पडतात. आणि असा थर आम्लात अलगद विरघळतो, म्हणून तर तांब्याची भांडी लिंबाने घासतात. दोन्ही धडे खरे होते. पण वर्षानुवर्षं तिने ते दोन वेगवेगळ्या तासांना शिकवले होते आणि एकदाही शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. हवा थर चढवणार, लिंबू तो उतरवणार, पुन्हा हवा चढवणार. तांबं झिजत राहणार आणि रसात उतरत राहणार.

आतून कायम लखलखीत असलेला जग तिच्या डोळ्यांपुढे आला. तो थर जात होता कुठे? रोज झाकण उघडून ती कौतुक करायची आणि अख्ख्या दुनियेला विचारायचा तो एक प्रश्न तिने तिथे कधी विचारला नव्हता.

 मुलांच्या स्टुलावर ती मटकन बसली. नळी हातातून निसटली आणि फरशीवर फुटली. निळा ओघळ टेबलाखाली गेला.

“बाई, लागलं का?” कुणीतरी विचारलं.

तिला ऐकू आलं नाही. आई सकाळी पिते. आई आत्ताही पीत असेल. मीच काल संध्याकाळी जग भरून ठेवलाय. ती उठली, अमोनियाची बाटली घट्ट बूच लावून पर्समध्ये टाकली, शेजारच्या वर्गावरच्या सरांना “मुलांकडे बघा” एवढंच म्हणाली आणि निघाली. घर जवळच होतं. एवढं अंतर ती पळत गेली. पन्नाशीकडे झुकलेली बाई भर रस्त्यात पदर खोचून पळताना लोकांनी पाहिली. वाटेत एका चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा तिने दोन्ही चपला तिथेच सोडल्या.

सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. समोर रिकामा ग्लास.

“आज लवकर सुटली शाळा?” त्या म्हणाल्या आणि ग्लास उचलून दाखवला, लहान मुलाने ताट दाखवावं तसा. “बघ, सगळं संपवलं हो.”

 बाईने जग उचलला, त्यातलं थोडं पाणी काचेच्या ग्लासात ओतलं. बघताना साधंच, जरासं गढूळ लिंबूपाणी. घाईत अर्धा अमोनिया चादरीवर सांडला. खोलीभर उग्र वास पसरला. आणि मग ग्लासात तोच निळा रंग उतरला.

“अगबाई!” सासूबाई म्हणाल्या. “किती सुंदर रंग गं!”

बाई ओक्साबोक्शी रडायला लागली.

जगातलं उरलेलं लिंबूपाणी बाटलीत भरून घेऊन तिने सासूबाईंना रिक्षाने रुग्णालयात नेलं; नवरा छापखान्यातून थेट तिथे आला. त्याला सगळं सांगायला तिला तीनदा सुरुवात करावी लागली. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा पांढराफटक पडला. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो हळू आवाजात, नीट न कळल्यासारखा म्हणाला, “पण आईने विचारलं होतं ना तुला? मी तिथेच होतो. तूच म्हणालीस ना, चालतं म्हणून?”

“हो,” ती म्हणाली. “मीच म्हणाले. मीच भरला, मीच पाजलं.”

मग तो तिच्या शेजारच्या खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. हे अंतर तिने आयुष्यात मोजलं नव्हतं इतकं मोठं होतं.

डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण पुढे ढकलली, रक्त घेतलं, सलाईन लावलं आणि विचारलं, “रोज साधारण किती तांबं पोटात जात असेल? अंदाज मिळाला तर मला पुढचं ठरवता येईल.”

हा अंदाज काढता येण्यासारखं माणूस त्या खोलीत एकच होतं. बाई बाटलीत भरलेलं लिंबूपाणी घेऊन अनवाणीच शाळेत परतली. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. तिने मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, तोलून पाण्यात विरघळवलं, त्यातून पातळ, अजून पातळ अशी नळ्यांची ओळ केली, प्रत्येकीत अमोनिया घातला आणि मधोमध आपली नळी धरून रंगाला रंग लावून पाहिला. ज्या नळीशी रंग जुळला तिचं प्रमाण घेतलं. मग मोल, मग वस्तुमान, मग गुणिले काठोकाठ भरलेल्या जगातलं पाणी, कारण जग रोज रिकामा व्हायचा. आयुष्यभर मुलांकडून करून घेतलेलं गणित. उत्तर आलं तेव्हा तिने ते पुसलं आणि आणखी दोनदा केलं. तेच आलं. असं उत्तर एखाद्या मुलाच्या वहीत दिसलं असतं, तर तिने शेजारी लिहिलं असतं, ‘माणूस जगेल का?’

संध्याकाळी तिने तो आकडा डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला. त्यांनी तो पाहिला, रक्ताचे रिपोर्ट पाहिले, पुन्हा आकडा पाहिला.

“तुमचं काहीतरी चुकतंय,” त्या म्हणाल्या.

“नाही. मी तीनदा केलं.”

“अहो, इतकं इतके दिवस जात असतं, तर त्यांच्या यकृताची दैना झाली असती. त्रास झालाय, नक्की झालाय. पण रिपोर्ट तुमच्या आकड्याच्या मानाने पुष्कळ बरा आहे. या वयाच्या बाई अशा बसून बोलल्या नसत्या.”

“मग उरलेलं तांबं गेलं कुठे?” बाईचा आवाज चढला. तिला स्वतःलाच कळत होतं, की हे वर्गातलं वाक्य आहे आणि इथे ते विचारायचा तिला काही अधिकार उरलेला नाही. तरी ती थांबू शकत नव्हती. “जग भरलेला असायचा, संध्याकाळी रिकामा असायचा. मी रोज विचारायचे, आई रोज सांगायच्या, संपवलं म्हणून. जुळत नाही हे. कुठेतरी गेलंच असणार.”

पलंगावरून बारीक आवाज आला.

“सूनबाई.”

सगळे वळले. सासूबाईंनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती.

“रागावू नकोस हं,” त्या म्हणाल्या. “मी ते सगळं पीत नव्हते.”

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट खाली ठेवला.

“पहिल्या दिवसापासून कळकलेलं लागायचं गं. जिभेवर असं, पैसा चोखल्यासारखं. दोन घोट घ्यायचे. तू समोर असलीस तर चार. तू गेलीस की बाकीचं गुलाबाच्या कुंडीत.” त्यांनी डोळे टिपले. “सांगितलं असतं तर तुझा जीव केवढासा झाला असता. एवढ्या हौसेने आणलेला जग. वर तू ते सगळं बोटांवर मोजून दाखवलं होतंस. म्हटलं, माझीच जीभ बिघडली असेल म्हातारपणी. मी ठरवलं होतं ना, तुझ्या हातच्याला नाव ठेवायचं नाही.” मग एकदम त्यांचा चेहरा बदलला, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा त्या खऱ्या हादरल्या. “अगं म्हणजे यांचं गुलाबाचं झाड मीच मारलं का?”

 आकडा बरोबर होता. समीकरण जुळलं होतं. डावीकडचं सगळं तांबं उजवीकडे सापडलं होतं, थोडं म्हातारीच्या पोटात आणि उरलेलं कुंडीत. आपली सासू रोज न चुकता आपल्याशी खोटं बोलली, आणि म्हणून ती जिवंत आहे, हे तिला समजत होतं पण सोसत नव्हतं. एक ‘चालतं’ म्हणून छातीठोकपणे सांगणारी आणि एक ‘छान आहे’ म्हणून शपथेवर गिळणारी. दोघी मिळून त्या मरणाच्या किती जवळ जाऊन आल्या होत्या! तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीपासून इकडे आला होता आणि आईचा हात धरून उभा होता. दुसऱ्या हाताने त्याने खुर्ची बायकोकडे सरकवली.

“आई,” ती बसत म्हणाली, “मला माफ करा म्हणण्याचीसुद्धा मला लाज वाटते.”

“ते राहू दे,” सासूबाई म्हणाल्या. “झाडाचं बघ आधी.”

दुसऱ्या दिवशी उलट्या थांबल्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पातळ काहीतरी द्यायला परवानगी दिली. बाईने घरी भाज्यांचं सूप केलं, स्टीलचा डबा दोनदा उलटसुलट करून पाहिला, मग त्यात सूप भरलं आणि घेऊन आली. उशाशी बसून तिने चमचा पुढे केला. 

सासूबाईंनी घोट घेतला. तोंडात घोळवला. नेहमीचे शब्द त्यांच्या ओठांवर आलेले तिला अगदी दिसले. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, घोट गिळला आणि एक मोठा श्वास घेतला.

“सूनबाई,” त्या म्हणाल्या, “खारट झालंय.”

बाईचा चमचा तसाच हवेत राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

“फार?” तिने विचारलं.

“फार,” सासूबाई म्हणाल्या. आता त्यांना थांबवणं कठीण दिसत होतं. “आणि तुझा भात गं, सूनबाई. तो नेहमीच गिच्च होतो.”

बाईने चमचा डब्यात ठेवला आणि सासूच्या मांडीत डोकं खुपसलं. ती हसतेय की रडतेय हे नवऱ्याला कळेना.

“आणखी सांगा,” ती तोंड न उचलता म्हणाली. “सगळं सांगा, आई.”